रिक्वेस्टचा संदर्भ खालच्या थरांपर्यंत न्यायचा कसा: पॅरामीटरने की थ्रेडलोकलने?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पतसंस्थांसाठी एकच ॲप्लिकेशन आहे, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर. सगळ्या संस्था एकाच डेटाबेसमध्ये, प्रत्येक टेबलात संस्था क्रमांकाचा कॉलम. रिक्वेस्ट आली की टोकनमधून संस्था, शाखा आणि लॉगिन केलेला कर्मचारी कळतो. हे तिन्ही कंट्रोलरपासून (रिक्वेस्ट घेणारा थर) रिपॉझिटरीपर्यंत (डेटाबेसशी बोलणारा थर) प्रत्येक मेथडच्या कंसात कोंबायचा कंटाळा आला, म्हणून सीनियरने ते थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे काम चालवणाऱ्या प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या खिशात, ठेवले. ॲसिंक मेथडमध्ये, म्हणजे मागे वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या मेथडमध्ये, ते मिळेनात, तेव्हा कुणीतरी त्याचं इनहेरिटेबल थ्रेडलोकल केलं. आता पिग्मीचा भरणा झाल्यावर जाणारा एसएमएस कधीमधी भलत्याच संस्थेच्या नावाने जातो, ऑडिटच्या नोंदीत कधी संस्थाच रिकामी असते, आणि टेस्टिंगमध्ये हे एकदाही दिसलेलं नाही. थ्रेडलोकल काढून सगळं पॅरामीटरने पाठवायचं का, असं तुम्ही विचारताय.

सगळं नाही. पण काही गोष्टी नक्कीच. कुठल्या, ते पुढे सांगतो. आधी चालू बग समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय डिझाइनची चर्चा हवेत राहील.

इनहेरिटेबल थ्रेडलोकलचं नाव फसवं आहे. त्यातली किंमत आईकडून मुलाकडे जाते, पण फक्त थ्रेड जन्माला येतो त्या क्षणी. काम सोपवताना काहीही कॉपी होत नाही. आणि पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडच्या साठ्यात, थ्रेड एकदाच जन्मतो, कामं मात्र हजारो करतो. तुम्ही स्वतःचा एक्झिक्युटर (थ्रेडना कामं वाटणारा) लिहिला नसेल तर स्प्रिंग बूटच्या पूलचा कोअर आकार ८ असतो. जावाचा पूल पहिल्या आठ कामांसाठी दर वेळी नवा थ्रेड काढतो, आधीचे रिकामे बसले असले तरी. म्हणजे पहिली आठ कामं अगदी बरोबर होतात. नववं काम रांगेत जातं, आठांपैकी जो मोकळा असेल तो उचलतो, आणि त्याच्या खिशात त्याच्या जन्मवेळची संस्था असते. सकाळी कामकाज सुरू होताना पहिली रिक्वेस्ट ज्या संस्थेची, तिचा शिक्का त्या थ्रेडवर बसला तो बसला.

मग टेस्टिंगमध्ये का दिसत नाही? कारण त्याच पूलची दुसरी डिफॉल्ट सेटिंग अशी आहे की ६० सेकंद काम नसेल तर कोअर थ्रेडसुद्धा संपवले जातात. टेस्टर दोनचार भरणे करतो, चहा पिऊन येतो, तोवर जुने थ्रेड गेलेले असतात. पुन्हा क्लिक केलं की नवा थ्रेड, ताजी किंमत, सगळं हिरवं. लाइव्हवर पिग्मी एजंट संध्याकाळी एकामागून एक मशीन अपलोड करत असतात, तिथे थ्रेडला मरायला उसंतच मिळत नाही.

आणि रिकाम्या संस्थेचं काय? तुमच्याकडे शेड्यूल केलेलं एखादं काम असणार, ठेवींच्या मुदतीची आठवण वगैरे. तेही याच ॲसिंक मेथड बोलावत असेल. त्या हाकेतून जन्मलेल्या थ्रेडच्या आईकडेच संस्था नव्हती, मग मुलाकडे कुठून येणार? पूलचा आकार तुम्ही बदलला असेल तर आकडे वेगळे येतील, रोग हाच. स्प्रिंग बूट ३.२ पासून व्हर्च्युअल थ्रेड चालू करता येतात आणि मग प्रत्येक कामाला नवा थ्रेड मिळतो, त्यामुळे लक्षण गायब होईल. तेवढ्यासाठी ते चालू करू नका. उद्या कुणी पूल परत आणला की दुखणं परत येईल आणि तेव्हा कारण कुणालाच आठवणार नाही.

साधं थ्रेडलोकलही निर्धोक नाही. तुमचा फिल्टर, म्हणजे कंट्रोलरआधी रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड, एकदा डोळ्यांखालून घाला. टॉमकॅटचे (वेब सर्व्हरचे) थ्रेडही पूलमधलेच असतात. फिल्टर संस्था भरतो, पुढची साखळी चालवतो, आणि त्यानंतरच्या ओळीत पुसतो. मध्ये एक्सेप्शन फेकली गेली तर पुसायची ओळ चालतच नाही. खानावळीत न धुतलेलं ताट पुढच्या गिऱ्हाइकासमोर यावं तसा तो थ्रेड पुढच्या रिक्वेस्टला मिळतो. पुढच्या रिक्वेस्टने स्वतःची संस्था भरली तर काहीच बिघडत नाही, आणि म्हणून ही गळती महिनोन् महिने लपते. ती दिसते फक्त फिल्टरमधून वगळलेल्या रस्त्यांवर: पेमेंट गेटवेचा कॉलबॅक, पासवर्ड विसरल्याचं पान, किंवा "टोकन असेल तरच भर" अशी अट जिथे आहे तिथे. पुसणं एक्सेप्शन आली तरी चालणाऱ्या फायनली ब्लॉकमध्येच हवं, आणि भरण्याआधीही एकदा पुसा. दोन ओळींचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. तुमच्या टीममधला वाद "पॅरामीटर की थ्रेडलोकल" असा चाललाय, पण थ्रेडलोकलमधल्या त्या एका कॉन्टेक्स्ट (संदर्भ) ऑब्जेक्टमध्ये तुम्ही वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र बांधल्यात, खरी मेख ती आहे. मी प्रत्येक फील्डला एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट चुकीची किंवा रिकामी असेल, तर या मेथडचं उत्तर बदलेल का?

रिक्वेस्ट आयडी घ्या. तो नसला तर व्याजाचा आकडा बदलत नाही, फक्त लॉग वाचणाऱ्याचे हाल होतात. ट्रेस आयडीचंही (अनेक सिस्टिममधून रिक्वेस्टचा माग काढायचा क्रमांक) तेच. अशा गोष्टी मी खुशाल थ्रेडलोकलवर सोडतो, म्हणजे लॉगिंगच्या एमडीसीमध्ये (लॉगच्या ओळींना जोडायची माहिती ठेवायची जागा). त्या पॅरामीटरने नेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एकच करा, रिक्वेस्ट आयडीचं स्वतःचं हेडर शोधून काढू नका. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचं ट्रेसपॅरेंट हेडर २०२० पासून प्रमाणित आहे. ५५ अक्षरांची ठरलेली रचना आहे, आवृत्ती, ३२ अक्षरी ट्रेस आयडी, १६ अक्षरी पालक आयडी आणि शेवटी फ्लॅग. बहुतेक लायब्रऱ्या ते आपोआप पुढे नेतात. बाहेरून आलेलं हेडर लॉगमध्ये लिहिण्याआधी त्याची रचना तेवढी तपासा.

याच्या अगदी उलट टोकाला कामकाजाची तारीख. तुमच्या ऑब्जेक्टमध्ये तीही असल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. शाखेची कामकाजाची तारीख म्हणजे घड्याळातली तारीख नव्हे. दिवसअखेर झाली नसेल तर रात्री १२ वाजून गेले तरी शाखा कालच्याच तारखेत असते. एप्रिलच्या ४ तारखेला बसून ३१ मार्चचं व्याज पोस्ट करायची वेळ दरवर्षी येते. व्याज काढणारी मेथड जर ही तारीख गुपचूप कॉन्टेक्स्टमधून उचलत असेल, तर मार्चचं व्याज काढण्यासाठी आधी खोटा कॉन्टेक्स्ट उभा करावा लागतो, काम झाल्यावर तो आठवणीने मोडावा लागतो, आणि मधल्या काळात त्याच थ्रेडवर लिहिलेल्या ऑडिटच्या नोंदीवरही मार्चची तारीख पडते. हे कोड वाचून कळत नाही. मेथडच्या कंसात फक्त खातं दिसतं, वाचणाऱ्याला वाटतं की उत्तर खात्यावरच अवलंबून आहे. तेव्हा तारीख, व्याजदराचा प्रकार, मंजुरीची मर्यादा, ज्याने ज्याने आकडा बदलतो ते सगळं कंसात, नावानिशी. दोन पॅरामीटर वाढले तर वाढू द्या.

संस्था आणि कर्मचारी या दोघांमध्ये लटकतात, आणि तुमचं गाडं नेमकं तिथेच अडलंय. संस्था चुकली तर उत्तर बदलतं, नुसतं बदलत नाही तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो. म्हणजे नियमाने ती कंसात हवी. पण ती जवळपास प्रत्येक मेथडला लागते, म्हणून लोक कंटाळतात. माझी पद्धत अशी: संस्था, शाखा, कर्मचारी या तिघांचं एक छोटं, न बदलणारं रेकॉर्ड करायचं. मी त्याला 'कर्ता' म्हणतो. कंट्रोलरकडून सर्व्हिसच्या (कामाचे नियम असलेला मधला थर) सार्वजनिक मेथडला ते पहिला पॅरामीटर म्हणून द्यायचं. सर्व्हिसच्या आतल्या खाजगी मेथडना हवं तेवढंच द्यायचं, सगळ्यांना आख्खा कर्ता नको. एचटीटीपीचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट मात्र कंट्रोलरच्या खाली कधीच उतरू द्यायचा नाही. तो उतरला की तीच सर्व्हिस रात्रीच्या जॉबमधून बोलावता येत नाही, कारण तिथे एचटीटीपी असतंच कुठे?

या रेकॉर्डमध्ये फील्ड वाढवताना दहा वेळा विचार करा. आणि त्याचा कधीही मॅप (हव्या त्या नावाने काहीही ठेवता येईल असा डबा) होऊ देऊ नका. मॅप झाला की कुणीतरी वरच्या थरात त्यात "सूट" टाकतो, दुसरा पाच थर खाली ती वाचतो, आणि दोघांच्या मधल्या कोडला याचा पत्ताही नसतो.

रिक्वेस्ट स्कोपचा बीन (स्प्रिंग दर रिक्वेस्टला नवा बनवून देतं तो ऑब्जेक्ट) का नको, असं कुणीतरी टीममध्ये विचारेलच. चालतो, पण आतून तोही थ्रेडलोकलवरच उभा आहे. ॲसिंक थ्रेडमध्ये तो वाचायला गेलात की थ्रेडला रिक्वेस्ट जोडलेली नाही अशी एक्सेप्शन येते. तुमच्या सध्याच्या व्यवस्थेपेक्षा ते शंभर पटीने बरं, कारण तो निदान ओरडतो. सर्व्हिसच्या फील्डमध्ये संस्था ठेवायचा विचार कुणी मांडला तर मात्र हात जोडा. स्प्रिंगची सर्व्हिस सिंगलटन असते, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, ते फील्ड सगळ्या रिक्वेस्ट मिळून वापरतात.

ॲसिंकचं काय करायचं? लॉगिंगसाठी टास्क डेकोरेटर लिहा. काम सोपवतानाच तो एमडीसीची कॉपी घेतो, काम चालवणाऱ्या थ्रेडवर ती चढवतो आणि फायनलीमध्ये उतरवतो. तो बीन म्हणून दिला की स्प्रिंग बूट आपल्या पूलला आपोआप लावतो. पण संस्थेसाठी मी डेकोरेटरवर विसंबत नाही. एसएमएस पाठवणाऱ्या मेथडला कर्ता सरळ पॅरामीटरने द्या. एक तर डेकोरेटर फक्त त्याच पूलला लागतो. कुणी कम्प्लिटेबल फ्यूचर एक्झिक्युटर न देता वापरलं किंवा यादीवर पॅरलल स्ट्रीम चालवली, तर काम जावाच्या सामाईक फोर्क जॉइन पूलवर जातं आणि तुमचा डेकोरेटर बघत बसतो. दुसरं म्हणजे हे एसएमएस आज ना उद्या रॅबिट किंवा काफ्काच्या मेसेज रांगेत जाणार. तिथे थ्रेडच नाही तर मशीनही वेगळं. मेसेजमध्ये संस्था लिहावीच लागेल, मग आजपासूनच का नको?

आता रिपॉझिटरी. इथे माझं मत जरा कडक आहे. संस्थेची अट प्रत्येक क्वेरीत हाताने लिहायची शिस्त कितीही चांगल्या टीमला पाळता येत नाही, एखादा रिपोर्ट सुटतोच. पोस्टग्रेसवर आहात तर रो लेव्हल सिक्युरिटी वापरा, ती ९.५ आवृत्तीपासून आहे. ट्रान्झॅक्शन सुरू होताच सेटकॉन्फिग फंक्शनने संस्था क्रमांक एका सेटिंगमध्ये ठेवायचा, आणि टेबलावरची पॉलिसी संस्थेचा कॉलम त्या सेटिंगशी ताडून पाहते. क्वेरीत अट विसरली तरी दुसऱ्याच्या ओळी येतच नाहीत.

यात तीन ठिकाणी लोक ठेचकाळतात. सेटकॉन्फिगचा तिसरा पॅरामीटर ट्रू हवा, म्हणजे किंमत त्या ट्रान्झॅक्शनपुरती राहते. फॉल्स दिलात तर ती कनेक्शनवर चिकटते, कनेक्शन हिकारीच्या (डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) पूलमध्ये परत जातं, आणि थ्रेडवरचा तोच घोळ एक मजला खाली सुरू होतो. दुसरं, ॲप्लिकेशन ज्या रोलने जोडतं तोच टेबलांचा मालक असेल तर पॉलिसी त्याला लागूच होत नाही. टेबलावर फोर्स (मालकालाही पॉलिसी लावणारा पर्याय) लावा, किंवा बरं म्हणजे मायग्रेशनचा (टेबलांची रचना बदलणारा) आणि ॲप्लिकेशनचा रोल वेगळा ठेवा. सुपरयूजरला तर फोर्सही अडवत नाही. तिसरी गोष्ट बारीक आहे पण तासन् तास खाते. सेटिंग कधीच भरलेली नसेल आणि तुम्ही ती "नसली तरी चालेल" अशा रीतीने वाचली तर नल (किंमतच नाही) मिळतो. पण त्याच कनेक्शनवर आधी एखाद्या ट्रान्झॅक्शनने ती भरून सोडली असेल तर नंतर रिकामी स्ट्रिंग मिळते. पॉलिसीत तिचा पूर्णांक करायला गेलात की एरर. म्हणून नलइफ फंक्शनने रिकाम्या स्ट्रिंगचा आधी नल करून घ्या. नलशी तुलना खरी ठरत नाही, त्यामुळे संस्था नसेल तर शून्य ओळी येतात. आपल्याला हवं तेच.

संस्था नसेल तेव्हा काय, हा प्रश्न जावातही तितकाच ठामपणे सोडवा. संस्था मिळाली नाही तर एक्सेप्शन फेका. "नसेल तर १ धर" असा डिफॉल्ट कोडात कुठेही दिसला तर तो आजच काढा. क्रमांक १ ची संस्था बहुधा तुमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक असते. आणि संस्था घ्यायची ती टोकनमधूनच. ब्राउझरने हेडरमध्ये पाठवलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवायचा असेल तर लॉगिन तरी कशाला ठेवायचं?

इतर भाषांमधल्या लोकांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या टीममध्ये गो भाषावाले आहेत आणि ते हमखास बोलणार. गोमध्ये थ्रेडलोकलसारखं काही मुद्दामच ठेवलेलं नाही. कॉन्टेक्स्ट पॅकेज २०१६ मध्ये १.७ आवृत्तीबरोबर स्टँडर्ड लायब्ररीत आलं आणि ते पहिल्या पॅरामीटरने हाताने न्यायचं असा रिवाज पडला. त्यात रद्द होण्याची सूचना आणि मुदतही जाते, हा त्याचा मोठा फायदा. पण तिथेही मेथडचे ऐच्छिक पॅरामीटर कॉन्टेक्स्टमध्ये कोंबू नका असं खुद्द त्याच्या दस्तऐवजातच सांगितलंय, म्हणजे आपला वरचाच नियम. पायथनमध्ये ३.७ पासून कॉन्टेक्स्टव्हार्स आहेत, नोडमध्ये असिंक लोकल स्टोरेज. दोन्ही अवेटच्या पलीकडे किंमत नीट नेतात, पण पायथनमध्ये रन इन एक्झिक्युटरने काम थ्रेडवर टाकलंत तर ती जात नाही, टू थ्रेडने टाकलंत तर जाते. जावात स्कोप्ड व्हॅल्यू २५ व्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, पक्क्या झाल्या. ठरलेल्या ब्लॉकपुरतीच किंमत असते आणि ब्लॉक संपला की ती आपोआप जाते, त्यामुळे पुसायला विसरण्याचा प्रश्न उरत नाही. तुम्ही अजून जावा १७ वर असाल तर त्यासाठी आवृत्ती बदलायची घाई नको.

जुना कोड एका दमात बदलू नका. किती मेथड आहेत, टेस्ट किती आहेत, यावर क्रम ठरेल. तरी पहिलं काम सगळीकडे सारखंच: इनहेरिटेबल काढून साधं थ्रेडलोकल करा आणि वाचताना रिकामं असेल तर एक्सेप्शन फेका. काही ॲसिंक कामं फुटतील. फुटू द्या, चुकीचा एसएमएस जाण्यापेक्षा न जाणं बरं, आणि फुटलेली प्रत्येक जागा म्हणजे पॅरामीटर कुठे हवा त्याची आयती यादी. मग ॲसिंक मेथड, मग तारीख वाचणाऱ्या मेथड, मग बाकीच्या सर्व्हिस. नवीन कोडाने मागच्या दाराने पुन्हा थ्रेडलोकल वाचू नये म्हणून आर्कयुनिटचा (कोडाची रचना तपासणाऱ्या लायब्ररीचा) एक नियम लिहा: सर्व्हिस पॅकेजमधून कॉन्टेक्स्ट होल्डर (थ्रेडलोकल ठेवणारा क्लास) आयात झाला की बिल्ड पडलं पाहिजे. रिव्ह्यूमध्ये तोंडाने सांगून हे थांबत नाही.

टेस्टही लगेच लिहून ठेवा. पूलचा आकार १ करा. 'अ' संस्थेचा संदर्भ भरून एक काम सोपवा, ते पूर्ण होऊ द्या, मग 'ब' भरून दुसरं सोपवा आणि दुसऱ्या कामाने कुठली संस्था वाचली ते तपासा. आजच्या कोडावर ती 'अ' येईल, दर वेळी, मशीन कुठलंही असो.

एक काम राहिलं, आणि ते डिझाइनपेक्षा तातडीचं आहे. ऑडिटच्या टेबलात चुकीच्या नोंदी आधीच पडून आहेत. तुमच्या नोंदीत कर्मचारी कुठून येतो ते आधी पाहा. तो मूळ व्यवहारातून घेतलेला असेल तर नोंदीतली संस्था आणि कर्मचाऱ्याच्या खात्यावरची संस्था ताडून बघा, जिथे जुळत नाही त्या सगळ्या बिघडलेल्या. पण तोही त्याच थ्रेडलोकलमधून येत असेल तर दोघं मिळून चुकलेले असतात आणि ही तुलना हिरवीच दिसेल. मग व्यवहार क्रमांक धरून भरण्याच्या मूळ टेबलाशी जुळवावं लागेल. त्या नोंदी खोडू नका, दुरुस्तीच्या नव्या नोंदी टाका. लेखापरीक्षक आधी काय खोडलं तेच विचारतो.